लघुपटासाठी जुनं रेडिओ स्टेशन उभं करताना

लघुपटात, एकांकिकेत किंवा वेबमालिकेत रेडिओ स्टेशन दाखवायचं ठरलं की पहिला उत्साह खरेदीचा असतो. कोणीतरी चोरबाजारातून पितळी भोंग्याचा ग्रामोफोन उचलून आणतं आणि तो १९६५ सालच्या उद्घोषकाच्या टेबलावर जाऊन बसतो. त्या काळच्या केंद्रात भोंगा नव्हताच. तिथे विजेवर चालणारं टर्नटेबल असायचं आणि तबकडीवरचा आवाज तारेतून थेट कन्सोलमध्ये, म्हणजे आवाज मिसळायच्या टेबलात, जायचा. म्हणून क्रम उलटा लावा. आधी साल ठरवा, मग प्रत्येक दृश्यात आवाज नेमका कुठून येतोय ते ठरवा, आणि त्यानंतरच यंत्रं शोधायला बाहेर पडा. प्रेक्षकाला यंत्राचा मॉडेल नंबर कळणार नाही, पण आवाज त्या यंत्रातून येत नाहीये हे त्याच्या कानाला लगेच कळतं.

१. साल पक्कं करा

‘जुना काळ’ एवढं पुरेसं नाही. मुंबईत नियमित प्रसारण २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केलं आणि १९३६मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. तुमची गोष्ट १९४२ची आणि भूमिगत काँग्रेस रेडिओची असेल, तर स्टुडिओ विसराच. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत जागा बदलत ४२.३४ मीटरवरून प्रसारण करत होते. तिथे लागेल एक साधी खोली, ट्रान्समीटर, मायक्रोफोन आणि तबकड्या.

पुढचा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो. १९५२मध्ये बा. वि. केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले आणि सरकारी रेडिओवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. त्यामुळे १९५५च्या मुंबई केंद्रात उद्घोषक रंगात येऊन फर्माइशी फिल्मी गाणी लावतोय, हे दृश्य खोटं ठरतं. लोक ती गाणी कोलंबोहून लागणाऱ्या रेडिओ सिलोनवर ऐकत होते. विविध भारती आली ३ ऑक्टोबर १९५७ला आणि तिच्यावर जाहिराती आल्या १९६७मध्ये. त्याआधीच्या दृश्यात विविध भारतीवर साबणाची जिंगल वाजवू नका. हार्मोनियमचंही तसंच. १९४०पासून सुमारे तीन दशकं ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी होती. पन्नासच्या दशकातल्या सुगम संगीताच्या ध्वनिमुद्रणात गायकामागे पेटी दिसली, तर जाणकार प्रेक्षक तिथेच तुटतो. सारंगी, व्हायोलिन, तानपुरा दाखवा.

बजेट कमी असेल तर आमची एक शिफारस आहे. सिलोनसाठीचे कार्यक्रम मुंबईत मुद्रित व्हायचे. अमीन सयानींची बिनाका गीतमाला इथेच ध्वनिमुद्रित होऊन टेपवर कोलंबोला विमानाने जायची. म्हणजे आख्खं केंद्र उभारायची गरज नाही. एक छोटी खोली, एक माइक, एक टर्नटेबल, एक स्पूल टेपरेकॉर्डर आणि कोलंबोचा पत्ता लिहिलेले खोके एवढ्यात गोष्ट उभी राहते.

संवाद लिहिताना फ्रीक्वेन्सीची भाषाही सालाप्रमाणे ठेवा. जुने उद्घोषक मीटरमध्ये बोलत. ३,००,००० भागिले किलोहर्ट्झ म्हणजे मीटर; १०४४ किलोहर्ट्झचे २८७.४ मीटर होतात. ‘हर्ट्झ’ हे एककाचं नाव १९६०मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारलं गेलं. त्याआधीच्या पात्राच्या तोंडी ‘किलोसायकल’ हवं.

२. खोलीची मांडणी

दोन भाग लागतात: बोलण्याचा स्टुडिओ आणि कंट्रोल रूम. मध्ये दुहेरी काचेची खिडकी असते आणि तिची एक काच जरा कललेली ठेवतात. आवाज समोरासमोर आपटत राहू नये म्हणून हे करतात, पण कॅमेऱ्यालाही त्याचा फायदा होतो, कारण दिव्यांची प्रतिबिंबं खाली किंवा वर सरकतात. भिंतीला भोकाभोकांचे अकूस्टिक बोर्ड, जमिनीवर गालिचा, दाराबाहेर लाल दिवा.

आता एक नियम, जो पडद्यावर सर्रास मोडला जातो. उद्घोषकाने माइक उघडला की त्या खोलीतला लाउडस्पीकर आपोआप बंद होतो आणि लाल दिवा लागतो. तो बंद झाला नाही तर स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी मारतो. म्हणून माइकवर बोलताना गाणं फक्त हेडफोनमध्ये ऐकू येतं. नटाला हा क्रम शिकवा: हेडफोन कानाला, फेडर (आवाज कमी-जास्त करायचं बटण) वर, लाल दिवा, स्पीकर गप्प, मग वाक्य. बोलणं संपलं, फेडर खाली, खोलीत गाणं पुन्हा घुमतं. आवाजाचा हा एक बदल तुमच्या दृश्याला हजार रुपयांच्या सामानापेक्षा जास्त विश्वासार्ह करतो. साठच्या दशकापर्यंतच्या कन्सोलवर गोल फिरवायचे नॉब दाखवा. लांब सरकते फेडर नंतरचे.

३. मुंबईत कुठे शोधायचं

चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, टेपरेकॉर्डर, सुटे माइक सगळं मिळतं. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी भल्या पहाटे रस्त्यावर जुना बाजार भरतो. रस्त्यावरचा माल स्वस्त, पण तपासायला वीज नसते. दुकानात लावून बघता येतं. पितळी भोंग्याचे बरेचसे ग्रामोफोन नव्याने जुळवलेले असतात, तेव्हा ‘अँटिक’ म्हणून किंमत मोजू नका. सुट्या भागांसाठी ग्रँट रोड स्टेशनजवळची लॅमिंग्टन रोड: कंडेन्सर, वायर, जॅक, ट्रान्सफॉर्मर, आयसोप्रोपिल अल्कोहोल. रविवारी जाऊ नका.

फक्त दिसण्यापुरतं हवं असेल तर विकत घेऊ नका, भाड्याने आणा. चालवायचं असेल तरच खरेदी. टर्नटेबल बघायला जाताना खिशात टॉर्च, छोटा वजनकाटा आणि एक टाकाऊ एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी) ठेवा. प्लॅटर, म्हणजे तबकडी ठेवायची फिरती थाळी, हाताने फिरवा आणि सोडा. घासल्याचा आवाज आला तर बेअरिंग गेलंय. टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, बोटाने हलकेच डावी-उजवीकडे न्या, कुठेही अडता कामा नये. मग मागची पट्टी वाचा. ११७ व्होल्ट, ६० सायकल असं लिहिलेलं अमेरिकन यंत्र असेल तर आपल्याकडे नुसता व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. व्होल्टेज बरोबर झालं तरी आपली वीज ५० सायकलची, त्यामुळे साध्या एसी मोटरचं टर्नटेबल सहाऐवजी पाच हिश्श्यांच्या वेगाने फिरतं आणि ३३⅓चे २७.८ फेरे होतात. लता मंगेशकर पुरुषी आवाजात गायला लागतात. त्या यंत्राला ५० सायकलची पुली बसवावी लागते.

४. टर्नटेबल चालतं करणं

आयडलर चाकाची, म्हणजे मोटर रबरी चाकाने प्लॅटर फिरवते अशी, यंत्रं केंद्रात जास्त शोभतात, कारण ती पटकन वेग घेतात. गॅरार्ड ३०१ आणि ४०१ ही त्यातली नावाजलेली, पण महाग. भारतात घरोघरी असलेले एचएमव्ही फिएस्टासारखे पेटीवजा प्लेअर श्रोत्याच्या घरात दाखवा, केंद्रात नको. टेक्निक्स एसएल-१२०० हे १९७२चं आणि ज्या रूपात ते सगळ्यांना माहीत आहे ते एमके २ हे १९७९चं, हे ध्यानात असू द्या.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या यंत्रात रबरी आयडलर चाक कडक होतं, आणि गिअरमध्येच राहिलं असेल तर त्याला एका जागी चपटा खड्डा पडतो. मग दर फेऱ्याला धप्-धप् ऐकू येतं. चाक काढा, कापडावर किंचित आयसोप्रोपिल घेऊन कड पुसा, अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. खड्डा गेला नाही तर नवीन रबर चढवून घ्यावं लागेल. बेअरिंगमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. तेल रबराला लागलं तर चाक घसरतं, म्हणून आधी रबर, मग तेल, आणि मध्ये हात धुवा.

वेग तपासायला ५० सायकलची स्ट्रोब चकती छापून घ्या: ३३⅓साठी १८० रेघा. साध्या पिवळ्या बल्बखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडी दिव्याखाली हे बहुतेक वेळा जमत नाही, कारण तो त्या तालात लुकलुकत नाही.

सुई हा सगळ्यात नाजूक मुद्दा. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकडीची खाच रुंद असते. तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीला एक मिल किंवा त्याहून बारीक. एलपीची सुई ७८वर लावली तर ती खाचेच्या तळाशी वळवळते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. ७८ची सुई एलपीवर लावली तर एलपीच जाते. वजन मोजूनच ठेवा: बऱ्याच मॅग्नेटिक कार्ट्रिजना (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग) दीड ते दोन ग्रॅम, जुन्या सिरॅमिकना पाच ते सात. सिरॅमिक हेडच्या पेटी-प्लेअरवर कोणाचीही मागून आणलेली चांगली एलपी लावू नका. मॅग्नेटिक कार्ट्रिज अँप्लिफायरच्या फोनो इनपुटलाच जोडा. ऑक्सला जोडली तर आवाज बारीक, खर्ज नसलेला येतो आणि मुलं ‘यंत्र बिघडलंय’ म्हणून दुकानात परत घेऊन जातात. एकसुरी घुमणारी गुणगुण येत असेल तर टर्नटेबलची सुटी अर्थ वायर अँप्लिफायरच्या स्क्रूला लावलेली नाही, ते बघा.

तबकड्या साफ करताना एक पथ्य: ७८च्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि खाचेच्या दिशेने पुसणं. मुंबईच्या पावसाळ्यात कव्हरच्या आत पांढरी बुरशी चढते. तबकड्या उभ्या ठेवा, जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या फेकून द्या, कपाटात सिलिका जेल टाका.

आता नटाच्या हाताला शिकवायचं काम: क्यूइंग. गाणं उद्घोषणेच्या शेवटच्या शब्दाला चिकटून सुरू झालं पाहिजे. सुई गाण्याच्या सुरुवातीला टेकवा. मोटर बंद ठेवून तबकडी बोटाने पुढे सरकवा. पहिला स्वर हेडफोनमध्ये कुरकुरला की थांबा. आता तबकडी उलटी पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. ३३⅓ला तबकडी सेकंदाला २०० अंश फिरते, म्हणजे या पाव-अर्ध्या फेऱ्यात यंत्राला वेग पकडायला वेळ मिळतो. कमी मागे घेतलं तर गाणं ‘व्वॉ’ करत वर चढतं. जास्त घेतलं तर हवेत शांतता पसरते, आणि थेट प्रसारणात ती शांतता फार लांब वाटते. बेल्टचं यंत्र सावकाश वेग घेतं, तिथे ही युक्ती चालत नाही. प्लॅटर फिरता ठेवून त्यावर फेल्टची चकती घाला, तबकडी बोटाने धरून ठेवा आणि वेळ आली की सोडा. सुई गोल टोकाची घ्या; लंबगोल टोकाची सुई उलटं फिरवणं सोसत नाही. पुन्हा पुन्हा क्यू केलेल्या तबकडीच्या सुरुवातीला हिस्स असा आवाज बसतो. केंद्रातल्या लोकप्रिय तबकड्यांवर तो असायचाच, आणि तुमच्या साउंडट्रॅकमध्ये तो मुद्दाम ठेवावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

५. स्पूल टेप

टेप पाव इंच रुंद. सात इंची स्पूलवर जाड टेप १,२०० फूट बसते आणि सेकंदाला साडेसात इंच वेगाने ती ३२ मिनिटं चालते. भरलेलं स्पूल डावीकडे, रिकामं उजवीकडे. कार्यक्रम सुरू होतोय आणि उजवं स्पूल भरलेलं, किंवा टेप हेडमधून ओवलेलीच नाही, या दोन चुका क्लोजअपमध्ये उघड्या पडतात. कंटिन्युइटीवाल्याने प्रत्येक शॉटआधी दोन्ही स्पूलचा फोटो काढावा. संवादाच्या मध्ये कट झाला आणि टेप अचानक दहा मिनिटं मागे गेली, असं होऊ नये.

हेड आणि धातूचे गाइड आयसोप्रोपिलने पुसा. टेप दाबून पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर कोमट साबणपाण्याने. जुनी टेप लावल्यावर किंचाळायला लागली आणि हेडवर तपकिरी चिकट थर दिसला तर लगेच थांबवा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांचा चिकटवणारा थर दमट हवेने खराब होतो, आणि दमट हवा तर आपल्याकडे आठ महिने असते. ती टेप वाजवत राहिलात तर तिच्यावरचं मुद्रण कायमचं जातं. शूटिंगला कोरी टेप वापरा, कोणाच्या आजोबांचं कीर्तन असलेली नको.

एडिटिंगचं दृश्य घ्यायचं असेल तर ते सुंदर दिसतं. दोन्ही स्पूल हाताने पुढे-मागे हलवत शब्दाची सुरुवात शोधायची, टेपच्या पाठीवर पिवळ्या मेणपेन्सिलीने खूण करायची, खाचेच्या ठोकळ्यात टेप बसवून ब्लेडने ४५ अंशांत कापायची, दोन टोकं भिडवून चिकटपट्टी पाठीकडून लावायची. साधा सेलोटेप चालत नाही, त्याचा गोंद पाझरून शेजारच्या फेऱ्याला चिकटतो.

६. मायक्रोफोन

नभोनाट्याच्या दृश्याला रिबन माइक हवा. तो पुढून आणि मागून सारखंच ऐकतो, बाजूने बहिरा असतो. त्यामुळे दोन नट समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या डोळ्यांत बघत काम करत, आणि पात्र दूर जातंय हे दाखवायला बाजूला सरकत. माइकपासून अंतर एक ते दीड फूट. ओठ चिकटवून बोलण्याची तऱ्हा नंतरची. खरा रिबन माइक भाड्याने आणलात तर त्याच्यावर फुंकर मारू नका, टिचकी मारू नका, उभाच ठेवा, आणि केबलची खात्री नसेल तर मिक्सरवरची माइकला वीज पुरवणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर बंद ठेवा. आत अतिशय पातळ अॅल्युमिनियमची पट्टी असते, ती एका फुंकरीत ताणली जाते. पॉडकास्टमध्ये दिसणारा शुअर एसएम७बी २००१चा. तो १९७०च्या टेबलावर चालणार नाही.

७. श्रोत्याच्या घरचा रेडिओ

व्हॉल्व्ह सेट भरवशावर प्लगमध्ये घालू नका. आधी ६० किंवा १०० वॉटचा साधा बल्ब सीरिजमध्ये जोडा. बल्ब क्षणभर तेजाळून मंद झाला तर ठीक. झगझगीतच राहिला तर आत शॉर्ट आहे. जुने कागदी कंडेन्सर गळतात आणि त्यामुळे आउटपुट व्हॉल्व्ह तापून लाल होतो; फिल्टर कंडेन्सर सुकला की गुणगुण वाढते. हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या, कारण आत २५० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि बंद केल्यावरही काही काळ राहतो. व्हॉल्व्हचे नंबर ‘यू’ने सुरू होत असतील (यूसीएच, यूएल) तर सेटमध्ये मेन्सचा ट्रान्सफॉर्मर सहसा नसतो आणि चॅसिस, म्हणजे आतली धातूची चौकटच, करंटला जोडलेली असते. असा सेट नटाच्या हातात चालू स्थितीत देऊ नका.

आणि एक गोष्ट दिग्दर्शकाने लिहून ठेवावी: व्हॉल्व्ह सेटचं बटण फिरवल्यावर आवाज यायला वीस-तीस सेकंद लागतात. आधी डायलचा दिवा, मग सावकाश हिरवा जादूई डोळा (स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणारा छोटा दिवा), मग दुरून आल्यासारखा आवाज. घाई असेल तर ट्रान्झिस्टर दाखवा, तो तत्काळ बोलतो.

सेटवर रेडिओतून गाणं यावं म्हणून छोटा ट्रान्समीटर लावायच्या फंदात पडू नका, परवान्याशिवाय ते बेकायदेशीर आहे. ट्रान्सफॉर्मर असलेल्या बऱ्याच सेटना मागे ‘पी.यू.’ लिहिलेली पिकअपची सॉकेट असते. मेकॅनिककडून ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून घेऊन तिथे फोन जोडता येतो. ते जमलं नाही तर कॅबिनेटच्या मागे छोटा स्पीकर लपवा.

८. एकच गाणं, तीन आवाज

एकच गाणं स्टुडिओत, कंट्रोल रूममध्ये आणि चाळीतल्या घरात वेगवेगळं वाजतं. हे हाताळण्याचा नमुना १९७३च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ने घालून दिला. त्याचे ध्वनी संयोजक वॉल्टर मर्च यांनी रेडिओचा सलग कार्यक्रम खऱ्या जागांमध्ये स्पीकरवर वाजवून पुन्हा मुद्रित केला आणि मूळ आवाजात मिसळला. ही पद्धत तुम्हालाही परवडते: चार-पाच इंची स्पीकर, एक माइक आणि चाळीचा जिना.

एडिटिंगमध्ये सुरुवात अशी करा. सगळं मोनो. स्टुडिओच्या हेडफोनमधला आवाज पूर्ण, फक्त तबकडीच्या खरखरीसकट. मीडियम वेव्हच्या घरगुती सेटसाठी १५० हर्ट्झच्या खालचं आणि ४,५०० हर्ट्झच्या वरचं कापा, थोडं कॉम्प्रेशन, थोडं डिस्टॉर्शन. शॉर्टवेव्हवरच्या सिलोनसाठी वरची मर्यादा ४,०००वर आणा आणि आवाज दर काही सेकंदांनी सावकाश बुडवा-चढवा, पण प्रत्येक वेळी वेगळ्या अंतराने. एकसारख्या लाटा कृत्रिम वाटतात. त्यानंतर तो ट्रॅक खऱ्या स्पीकरमधून खोलीत वाजवून परत मुद्रित करा. नुसत्या फिल्टरवर थांबलात तर आवाज टेलिफोनसारखा कोरडा राहतो, त्याला भिंती मिळत नाहीत.

शूटिंगच्या वेळी मात्र गाणं बंद. नटाला ताल हवा असेल तर एका कानात इयरपीस द्या. संवादात गाणं मिसळलं की एडिटिंगमध्ये कुठेही कट मारता येत नाही. जुनी ट्यूबलाइट फ्रेममध्ये असेल तर २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, लुकलुक दिसणार नाही.

९. गाण्याचे हक्क

तबकडी तुमच्या मालकीची असली तरी गाणं तुमचं होत नाही. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा. तो कर्त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९५०ची तबकडी मोकळी झाली असेल, पण कवी १९९०मध्ये गेले असतील तर शब्द अजून मोकळे नाहीत. परवानगी लेखी घ्या, आणि तिच्यात महोत्सव, यूट्यूब, ओटीटी असं माध्यम स्पष्ट लिहून घ्या. ‘फक्त महोत्सवापुरती’ परवानगी घेऊन लघुपट यूट्यूबवर टाकला की तो खाली उतरवला जातो.

नव्या मंडळींना आमचा आग्रह आहे की गाणं नवं करून घ्या. दादर-गिरगावात भावगीत गाणारे, सारंगी-व्हायोलिन वाजवणारे तरुण आहेत. एकाच माइकभोवती सगळ्यांना उभं करा, गायिका दीड फुटावर, व्हायोलिन चार फुटांवर, तबला आणखी मागे. समतोल नॉबने नको, जागेने साधा. मुद्रण झालं की ते एकदा टेपवर घेऊन परत उतरवा. तीन मिनिटांच्या आत संपवा, कारण दहा इंची ७८च्या एका बाजूवर जेमतेम तेवढंच मावायचं.

परत देताना टोनआर्म दोऱ्याने बांधा, सुईला टोपी घाला, आयडलर चाक गिअरमधून काढून ठेवा, स्पूल उतरवा आणि रेडिओची काच वर्तमानपत्रात गुंडाळा. टेम्पोत टर्नटेबल आडवंच ठेवायचं, प्लॅटर काढून वेगळं.